वहीतलं माप

मी एक जुनी मापाची टेप आहे. माझ्या अंगावर एक ते साठ आकडे आहेत, त्यातले पहिले तीन पुसट झाले आहेत. मित्रांनो, माझ्याकडून गोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका. मी आकडे सांगते, तेवढंच मला येतं.

कारखान्यातून निघाले ती घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात येऊन पडले. बारा वर्षं तिथेच लोंबकळले. "माझी टेप कधी चुकत नाही," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मी फुलून जायचे. लेकीचे फ्रॉक त्या उरलेल्या कापडातून शिवत आणि तिची मापं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत. मग त्या आजारी पडल्या आणि गेल्या. कोणीतरी मला गुंडाळून डब्यात टाकलं. दीड वर्ष मी तशीच पडून होते. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. घरातही तसंच चाललं होतं. जेवणं होत होती, भांडी घासली जात होती, कोणी फारसं बोलत नव्हतं.

लेक मात्र आईने शिवलेलेच फ्रॉक घालायची. ते काखेत काचू लागले तरी विकतच्या कपड्यांना हात लावेना. शेवटी बाबांनी मशीनवरची धूळ पुसली आणि मला डब्यातून काढलं. बाबा विजेचे मीटर वाचणारे. सुईत दोरा ओवायलाच त्यांना पाऊण तास लागला. शेजारच्या काकू दर रविवारी शिकवायला येऊ लागल्या.

"मापं घेतलीत का पोरीची?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"वहीत आहेत की. तिच्या आईनं लिहिलेली. ती चुकायची नाहीत."

ते अक्षर बघून काकूंनी वही तशीच बाबांपुढे सरकवली.

बाबांनी त्या आकड्यांबरहुकूम कापडावर खडूने रेघा मारल्या. मला कापडावर पसरलं, लेकीला लावलं नाही. एक बाही उलटी जोडली गेली, ती उसवली. गळा वेडावाकडा कापला गेला, त्याला पट्टी लावली. सहा रविवार गेले. सातव्या रविवारी फ्रॉक तयार झाला आणि घालताना मुंढ्यात, बाही जोडतात तिथेच, अडकला. लेकीचे दोन्ही हात वर आणि डोकं आत.

"कापड आटलं वाटतं," बाबा म्हणाले.

"कापड नाही आटलं," आतून आवाज आला. "मी वाढलेय, बाबा. आईला ते माहीतच नाही."

काकूंनी तिला हळूच सोडवलं. बाबांनी वही मिटली. दिवसभर लोकांच्या घरचे आकडे टिपणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घरातला एक आकडा त्याने दीड वर्षात वाचला नव्हता. मग त्यांनी मला उचललं, गुडघे टेकले आणि लेकीच्या छातीभोवती धरलं. त्यासाठी दोन्ही हात तिच्या पाठीमागून घ्यावे लागले. आई गेल्यापासून त्यांनी तिला एवढं जवळ घेतलं नव्हतं. ते मला जाणवलं, आणि फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला खुशाल डब्यात ठेवा, माझी तक्रार नाही. पण घरातल्या पोरांची मापं वरचेवर घेत जा. आपलं दुःख सरेपर्यंत ती वाढायची थांबत नाहीत.

"किती आलं?" लेकीने विचारलं.

"थांब, परत घेतो," बाबा म्हणाले.

त्यांनी तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा आकडा तोच होता.