नवागामातली स्की

मी एक जुनी लाकडी स्की आहे. बर्फावरून घसरायला पायाखाली बांधतात ना, ती लांब पट्टी. मित्रांनो, हसू नका. सुरतेच्या उकाड्यात, नवागामातल्या एका खोलीच्या माळ्यावर हिचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

थंड मुलखातल्या एका सुताराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच फळीतून घडवलं. आमची टोकं वाफेवर वाकवली, तळवे मेणाने घासले. पुढे हजीऱ्याच्या एका कारखान्यात आलेल्या परदेशी इंजिनिअरबरोबर आम्ही इकडे आलो. दर हिवाळ्यात तो आम्हाला हिमालयात न्यायचा. काय तो वारा, काय तो उतार! पण सुरतेत प्लेग आला आणि साहेब घाईघाईने मायदेशी निघून गेला. बूट तेवढे नेले. साहेबाच्या बंगल्याचा रखवालदार सखाराम याने आम्हाला आपल्या बहिणीच्या, धुरपदाबाईच्या घरी आणून टाकलं.

धुरपदाबाईचा नवरा लोटू पॉवरलूमवर कामाला होता. मुलगी योगिता आठवीत. खो-खोत तिला शिवता शिवता भल्याभल्यांना घाम फुटायचा. वर्षभराने शाळेत दोन गोष्टी एकदमच आल्या. हिमालयातल्या स्कीच्या शिबिराला एक मुलगी पाठवायची होती आणि त्याच आठवड्यात खो-खोच्या जिल्हा संघाची निवड होती. घरात वादाला तोंड फुटलं.

“घरमा सामान शे. वाया का जाऊ देवानं?” लोटू म्हणाला.

“आठे बरफ कोठे शे? गोलावालानी लादीवर खेई का पोर?” धुरपदाबाई फणकारली. “दुरून डोंगर साजरे!”

ती म्हण मला झोंबली, पण खोटी नव्हती. माझ्या खेळाला पहाड हवा, बर्फ हवा, बूट हवेत, लांबचा प्रवास हवा. खो-खोला शाळेमागचं मैदान आणि मैत्रिणी पुरतात. पोहायचं म्हटलं तर तापी आहे. सायकल तर शेजाऱ्याकडे मागितली तरी मिळते. लोटूला हे कळत नव्हतं असं नाही. दोन यंत्रांमधल्या बोळात त्याचा जन्म चालला होता. पोरीने तरी पहाड बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं. मला तो माणूस फार आवडायचा. म्हणूनच पुढचं सांगताना जीव कासावीस होतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो तिला सरावाला खाडीच्या बांधावर घेऊन गेला. गवताळ उतार आणि तळाशी दगड. बूट नव्हते, म्हणून त्याने साडीच्या किनारीच्या पट्ट्यांनी तिचे पाय आमच्यावर आवळले आणि विणकराची गाठ मारली. ओढाल तेवढी घट्ट होणारी.

“आप्पा, घट्ट व्हयनं,” योगिता म्हणाली.

“ऱ्हाऊ दे. सुटनं तं पडशी.”

अहो, पडताना सुटावंच लागतं! आमच्यावरची बुटाची कळ त्यासाठीच असते. माणूस पडला की तिने पाय सोडायचा, नाहीतर गुडघाच जायचा. हे मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

ती निघाली. दवाने ओलं गवत आणि आमचे मेणाचे तळवे. बघता बघता वेग वाढला. अर्ध्यावर माझं टोक एका मुळात अडकलं. योगिता पुढे फेकली गेली, पाय मात्र माझ्याशी जखडलेला. तिचा गुडघा वळायला लागला. ती किंचाळली. गाठ काही सुटेना. लाकूड जुनं होतं की मनानेच घेतलं, देव जाणे. तिच्या पावलाच्या पुढेच मी कडाडून मोडले आणि गुडघ्याचा पीळ सुटला.

लोटू धावत आला. सूत कापायच्या कात्रीने त्याने पट्ट्या कापल्या. योगिता उठली, लंगडत चार पावलं चालली, मग पाय झटकून नीट उभी राहिली. बाप तिच्यापुढे बसला. तिचा गुडघा दोन्ही हातांत धरून म्हणाला, “तुले काय खेयानं शे, माय?”

एवढ्या वादात हे कुणी विचारलंच नव्हतं.

“खो-खो, आप्पा. एकलं घसरानी काय मजा? पाठवर खो पडना का मगच माले गंमत वाटस.”

मित्रांनो, बर्फ मला पुन्हा दिसला नाही. आठवण आली की रडू येतं. कोणता खेळ थोर, असं मला विचाराल तर मी स्कीच म्हणेन. जात्याच गर्विष्ठ आहे मी. म्हणून मला विचारू नका. ज्याचे पाय आहेत, त्याला विचारा.