टेटला घ्यावं की नको

दिवसभर खेळ बघण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट अपूर्वाच्या सासऱ्यांना, यज्ञेश्वररावांना, बरेच दिवस पटली नव्हती. वीज मंडळात सगळी हयात गेलेला माणूस. विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणी विचारलं की सून काय करते, तर ते 'कॉम्प्युटर' एवढंच सांगत आणि विषय पाण्याच्या टँकरवर नेत.

अपूर्वाची कंपनी हिंजवडीत होती आणि तिचं काम अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबसाठी चाले. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. यात एक जण चेंडू हातात घेऊन मागे सरतो, आपला माणूस कुठे मोकळा सापडतो ते बघतो आणि लांब फेकतो. तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे त्याच्याच संघातले पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ही भिंत फोडून किंवा तिला वळसा घालून, चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला जो आडवा करतो, तो पास रशर. आडवं करण्याला सॅक म्हणतात. ज्याचे सॅक जास्त, त्याचा भाव जास्त. अपूर्वा संख्याशास्त्र शिकलेली होती. तिचं काम होतं, हा भाव खरा की फुगवलेला ते सांगायचं.

फेब्रुवारीत तिचे वरिष्ठ, शकीलसर, यांनी तिच्याकडे एक नाव दिलं. मार्लन टेट. वय एकोणतीस. जुन्या क्लबशी असलेला करार संपत आला होता आणि मार्चमध्ये तो कुणाकडेही जायला मोकळा होणार होता. आधीची काही वर्षं बेताचीच, आणि गेल्या हंगामात मात्र सॅकच सॅक. त्याच्या एजंटाला चार वर्षांचा करार हवा होता, आणि त्यातली बरीचशी रक्कम हमीची. म्हणजे टेट खेळो, न खेळो, जायबंदी होऊन घरी बसो, क्लबने पैसे मोजायचेच. अशा करारांनी क्लबची पुढची कित्येक वर्षं कुजलेली अपूर्वाने पाहिली होती. शकीलसर मूळचे पुण्याच्या कॅम्पातले, बोलायला मऊ पण कामाला चोख. त्यांनी सांगितलं की क्लबला शेवटी एकच शब्द हवा आहे, घ्या किंवा नका घेऊ. मधलं काही चालणार नाही.

अपूर्वाने टेटचे तीन हंगामांचे खेळ पाहिले. पहिल्या आठवड्यात तिचं मत 'नको' होतं. कारण गेल्या हंगामातले निम्मे सॅक त्याला जणू आंदण मिळाले होते. मधल्या फळीतला त्याचा जोडीदार इतका दांडगा होता की क्वार्टरबॅक घाबरून बाजूला पळे आणि नेमका टेटच्या मिठीत येऊन पडे. पुढच्या आठवड्यात मत पालटलं. सॅक झाला नाही पण टेट अगदी जवळ पोहोचला आणि समोरच्याला घाईघाईत चेंडू फेकावा लागला, असे प्रसंग तिने वेगळे काढले. ते तिन्ही वर्षं जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे माणूस आधीपासून चांगलाच होता, फक्त नशीब यंदा उघडलं होतं. मग विकत काय घ्यायचं, माणूस की त्याचं नशीब?

त्यात तिला त्याचा डावा हात दिसला. हंगामाच्या सुरुवातीला टेट भिंतीवर झेप घेताना दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर आदळायचा. अर्ध्या हंगामानंतर डावा हात खालीच राहू लागला, कोपरातून किंचित वाकलेला, जणू बगलेत छत्री धरली आहे. खांदा दुखावला असेल आणि लपवत असेल, असं तिला वाटलं. पण वैद्यकीय अहवाल स्वच्छ होता, आणि सॅक तर त्यानंतरच वाढले होते. दुखरा माणूस आधीपेक्षा बरा कसा खेळेल? तिने शकीलसरांना दाखवलं. त्यांनी तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले की आता त्यांना सगळ्याच खेळाडूंचे डावे हात वाकडे दिसायला लागले आहेत.

घरी एका रविवारी ती लॅपटॉपवर तेच बघत बसली होती, तेव्हा यज्ञेश्वरराव चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. हा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. नियम त्यांना अर्धेमुर्धेच कळले, पण टेट ज्याला पाडतो त्यालाच हात देऊन उठवतो, हे त्यांच्या नजरेत भरलं. तेव्हापासून तो त्यांच्यासाठी 'आपला टेट' झाला. अपूर्वाने त्यांना बजावलं की अजून तो कुणाचाच नाही.

मार्चमध्ये क्लबने टेटशी व्हिडिओवर बोलणं ठरवलं. इथले संध्याकाळचे सात, तिथली सकाळ. क्लबच्या बाजूने हेन्शॉ नावाचे अधिकारी होते, खेळाडू निवडण्याचा अखेरचा शब्द त्यांचा. अपूर्वा आणि शकीलसर हिंजवडीतून नुसते ऐकायला बसले होते, कॅमेरे बंद करून. टेट स्वयंपाकघरात बसला होता, मागे ओट्यावर कसलीशी परात उपडी घातलेली. हेन्शॉंनी सरावाचं, आहाराचं, शिस्तीचं विचारलं. त्यानेही पढवल्यासारखी उत्तरं दिली. मग निरोप घ्यायच्या बेतात हेन्शॉ म्हणाले की पुण्यातल्या मंडळींना काही विचारायचं असेल तर विचारा.

शकीलसरांनी मान हलवून नको म्हटलं. पण अपूर्वाने कॅमेरा सुरू केला होता. ज्या माणसाला तीन वर्षांच्या खेळांत रोज पाहिलं, तो प्रथमच आपल्याकडे बघतो आहे, याने ती क्षणभर भांबावली.

"मिस्टर टेट," ती म्हणाली, "अर्ध्या हंगामानंतर तुमचा डावा हात खाली राहतो. का?"

टेटने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं, बाजारात एखादं फळ निरखावं तसं.

"खरंच राहतो?" त्याने विचारलं. "मला माहीत नव्हतं. दुखत तर नाही." मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? गेल्या वर्षी सगळं एकाएकी का जमायला लागलं, हेही मला माहीत नाही. मी तेच करतोय जे आधी करत होतो."

शेजारी त्याचा एजंट बसला असावा, कारण पडद्याबाहेरून एक हात आला आणि संभाषण भराभर आवरतं घेतलं गेलं.

त्या उत्तराने अपूर्वा दोन दिवस अस्वस्थ होती. चार वर्षांची हमी मागणारा माणूस स्वतःच्याच यशाचं कारण माहीत नाही म्हणतो. हा भोळेपणा की बेफिकिरी? की आजवर मुलाखतीत कुणी बोललं नसेल इतकं खरं बोलणं? तिला ते खरं वाटलं. स्वतःला फसवत नाही तो माणूस लवकर बिघडत नाही, असं तिने मनाशी धरलं, आणि तिसऱ्या दिवशी अहवालात लिहिलं, घ्या. पाठवल्यावर तासाभरात तिला वाटलं, 'नका घेऊ' लिहायला हवं होतं. पण बाण सुटला होता.

क्लबने टेटला घेतलं नाही. दुसऱ्या एका क्लबने त्याला हवा तसा करार दिला. शकीलसरांनी सांगितलं की वर तिचा प्रश्न फार गाजला. ज्याला आपल्या हाताचाही पत्ता नाही त्याच्यावर चार वर्षं कशी लावायची, असं हेन्शॉ म्हणाले होते. अपूर्वाने विचारलं की माझा अहवाल कुणी वाचला का. शकीलसर म्हणाले, "प्रश्न आठवतो लोकांना. अहवाल कोण वाचतं?"

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला आणि टेट नव्या क्लबकडून वाघासारखा खेळला. या वेळी मधल्या फळीतला दांडगा जोडीदार नव्हता, तरीही. यज्ञेश्वरराव सोमवारी सकाळी अंघोळीआधीच तिला रेकॉर्डिंग लावायला सांगत. डावा हात अजून खालीच होता. अपूर्वा मनातून सुखावत होती, कारण तिचं 'घ्या' खरं ठरत होतं. पण ऑक्टोबरात क्लबकडून कोरडा निरोप आला की पुण्याच्या शंकेमुळे एक चांगला खेळाडू हातचा गेला, पुढे जरा जपून. ती शकीलसरांना म्हणाली की शंका माझी होती, पण मत उलटं होतं. ते म्हणाले की आत्ता हे सांगितलंस तर सबब वाटेल, हंगाम संपू दे.

नोव्हेंबरात एका सोमवारी ती आणि यज्ञेश्वरराव खेळ बघत असताना टेट वळसा घालायला वळला आणि एकटाच कोसळला. कुणी धक्का दिला नव्हता. उजवा गुडघा धरून तो मुठीने जमीन ठोकत राहिला. यज्ञेश्वररावांनी पुढे होऊन लॅपटॉपचा आवाज बंद केला. समालोचक काय म्हणतात ते त्यांना ऐकायचं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे तुला आधी दिसलं होतं का गं?"

"नाही बाबा. मी हात बघत होते."

गुडघ्यातला लिगामेंट पार फाटला होता. पुढचं अख्खं वर्ष तो मैदानाबाहेर, आणि हमीची रक्कम नव्या क्लबच्या गळ्यात. दोन दिवसांत हेन्शॉंचं पत्र सगळ्या कंपनीला आलं, पुण्याच्या मॅडमनी आम्हाला वाचवलं म्हणून. हिंजवडीत केक कापला. ज्यांना पास रशर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. एकाने विचारलं की गुडघा जाणार हे हातावरून कसं ओळखायचं. अपूर्वा म्हणाली की ओळखता येत नाही. तो हसला आणि मोठी माणसं अशीच बोलतात म्हणाला.

घरी जाताना वाकडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा बसमध्ये ती सगळं पुन्हा मांडून पाहत राहिली. हातात काही खोट नव्हती. गुडघ्याकडे तिने पाहिलंच नव्हतं. मत चुकलं म्हणावं तर दोन महिने तो देखणं खेळला होता, बरोबर आलं म्हणावं तर तो कुबड्यांवर होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती, आणि कावळ्याचा सत्कार चालला होता. त्यात तो माणूस मूठ आपटताना सारखा डोळ्यांपुढे येई, आणि केकची चव आठवून तिला ओशाळल्यासारखं होई.

डिसेंबरात हेन्शॉंनी पुढच्या मार्चच्या तयारीसाठी बैठक घेतली. सुरुवातच तिच्या कौतुकाने झाली. आता शकीलसरांना न विचारता ती बोलली.

"सर, मी टेटला घ्या असं लिहिलं होतं."

हेन्शॉ हसले. हा विनय आहे असं त्यांना वाटलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि अहवाल उघडून बघा म्हणाली. त्यांनी उघडला. वाचताना त्यांच्या चष्म्यात पडद्याचा उजेड हलत होता. शकीलसर टेबलावरच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसले.

"खरंच की," हेन्शॉ शेवटी म्हणाले. "घ्या असं लिहिलंय." मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, "मग आम्ही ऐकलं कुणाचं?"

त्यांच्याकडच्या एकाने सुचवलं की प्रशिक्षकांचा विरोध होता. दुसरा म्हणाला, छे, प्रशिक्षकांना टेट हवाच होता. तिसऱ्याला वाटत होतं की मुळात एजंटाने त्यांचा फोनच परत केला नव्हता. प्रत्येक जण आपल्या जागी खात्रीने बोलत होता आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. हेन्शॉंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"तुम्हाला आज काय वाटतं?" त्यांनी अपूर्वाला विचारलं. "घ्यायला हवं होतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे म्हणताना आपल्याला भीती कशी वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

हेन्शॉंनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, रागाने की कशाने ते पडद्यावर कळत नव्हतं. मग त्यांनी पुढच्या खेळाडूचं नाव सांगितलं. वय सत्तावीस, या हंगामात सॅकच सॅक, आणि मागणी लांबच्या कराराची. मार्चच्या आत मत हवं होतं.

बैठक संपल्यावर शकीलसरांनी तिच्यासाठीही चहा सांगितला. अपूर्वा जागेवर जाऊन बसली. तिने त्या नव्या खेळाडूचा पहिला सामना लावला, आणि काहीही न लिहिता शेवटपर्यंत पाहिला.