झालंच समजा

"पडद्यावरचं हे गोल गोल फिरणं बघून आता मलाच गरगरायला लागलंय," सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटली. "माणूस जायला टेकलं तरी याचं आपलं चालूच. जतन होत आहे, जतन होत आहे."

पलंगावरच्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून ती इतक्या हळू बोलली, आणि बाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं. त्या हसल्या. "असू दे गं. मला कुठं लग्नाला जायचंय?"

मग त्यांना खोकल्याची उबळ आली. पडद्यावर अक्षरं उमटली: वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी लेकीसाठी यंत्रात जे काही म्हटलं होतं ते वाया गेलं, आणि पुन्हा म्हणण्याइतका श्वास त्या दिवशी त्यांच्यात उरला नव्हता.

आमच्या रुग्णालयात माणसं बरी व्हायला येत नाहीत. शेवटचे दिवस कमी दुखावेत म्हणून येतात. ज्याला वाटेल त्यानं आपल्या माणसांसाठी चार शब्द बोलून ठेवावेत, ते आम्ही सांभाळावेत आणि नंतर पोचते करावेत, अशी एक सोय आहे. या बाईंचा नवरा शिंपी. लेक फार दूरच्या शहरात, दिवस भरत आलेले, प्रवासाची बंदी. आईला भेटता येणार नाही हे ती जाणून होती. म्हणून ती दर संध्याकाळी वडिलांना एकच विचारायची, "आई बोलली का माझ्यासाठी?"

मी तिथली कॉम्प्युटरवाली काकू. हे काम मी वाचून, बिघडवून आणि पुन्हा जोडून शिकले. कुणी माझी पदवी विचारली की आमचे साहेब माझ्या वतीनं खोकतात.

रेकॉर्डिंग इतकं हळू का जतन व्हायचं, ते सांगते. आमचे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे बंद डबा, एका डब्यात एक काम. डबा बिघडला की यंत्रणा तो फेकून देते आणि तस्सा दुसरा मांडते, कुणाला कळतसुद्धा नाही. फार सोयीचं आहे. पण ज्या कामाला कालचं आठवावं लागतं, त्याची आठवण डब्यात ठेवून भागत नाही. डबा गेला की आठवणही गेली. ती बाहेर, डिस्कवर ठेवायची असते. आमचे सगळे डबे मिळून पलीकडच्या इमारतीतली एकच डिस्क वापरायचे. तिच्यावरच एक्स-रे, तिच्यावरच पगारपत्रकं, आणि ऐन दुपारी बॅकअपही तिच्यावरच. एका नळावर अख्खी चाळ हंडे घेऊन उभी असल्यासारखं.

"रेकॉर्डिंगला त्याच्याच मशीनमध्ये स्वतंत्र डिस्क द्या," मी साहेबांना म्हटलं होतं. "दुसऱ्या मशीनवर जोडीला एक प्रत ठेवा. बॅकअपची वेळ बदला. थांबावं लागतं ते निम्म्यावर येईल."

"फक्त निम्म्यावर?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी वेगबुवांना बोलावलं.

वेगबुवा हे नाव आम्ही ठेवलेलं, यंत्रं झटपट करून देणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञाला. काळा टीशर्ट, मऊ आवाज, आणि आपण बोलायला लागलो की डोळे मिटून घ्यायची सवय. ते येणार म्हणून मीटिंगच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टर आले, सिस्टर आल्या, स्वयंपाकघरातला आचारी फोन हँग होतो म्हणून तो घेऊन आला.

"डिस्क हळू नाही," बुवा म्हणाले. "डिस्क दुखावलेली आहे. तुम्ही तिला दर वेळी विचारता, लिहिलंस का? खरंच लिहिलंस का? अहो, संसारात इतका संशय चालतो का? तिच्यावर विश्वास टाका. ती धावेल."

माना डोलल्या. दोन-तीन जणांनी तर आपापल्या संसाराच्या मापानं डोलवल्या.

बुवांनी पडदा स्वतःकडे वळवला, बोटं फिरवली आणि सिस्टरला म्हणाले, "बोला काहीतरी." ती बोलली. तिचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच हिरवी खूण आली. जतन झालं. पुन्हा बोलली, पुन्हा तेच. खोलीत टाळ्यांचा कडकडाट. आचाऱ्यानं फोन पुढं केला, बुवांनी त्यावर हात ठेवला आणि तो बंद करून परत सुरू करायला सांगितलं. फोन चालायला लागला. मग काय विचारता.

"डिस्क कुठली वापरली?" मी विचारलं.

"ताई, नदी कुठून येते ते विचारू नये, पाणी प्यावं."

"मग वीज घालवून बघू या एकदा. परत सुरू केल्यावर काय उरतं ते बघू."

बुवांनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "काकू, चांगल्या कामाला नाट लावू नका." आणि मी खोडा घालीन म्हणून त्या यंत्रणेची माझी परवानगीच काढून घेतली. किल्ली बुवांकडे.

दोन दिवसांनी बाईंना जरा बरं वाटत होतं. त्यांनी केस विंचरून मागितले. आवाजच रेकॉर्ड होणार आहे, केस कशाला, असं कुणी म्हटलं नाही. शिंपीकाका खुर्ची ओढून बसायला लागले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. तुम्ही रडाल आणि मला बोलता यायचं नाही."

"मी कशाला रडतोय?"

"आत्ता रडताय ते काय आहे?"

काका बाहेर बसले. गळ्यातली मोजायची टेप काढायची राहून गेली होती, ती दोन्ही हातांनी धरून बसले. सिस्टरनं यंत्र सुरू करून दिलं आणि तीही बाहेर आली. आतून बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा बोलणं.

सिस्टर आत गेली. हिरवी खूण आली होती.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं हो."

"पोचेल ना तिला?"

"पोचेल."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. झोपेतच.

त्यानंतर, महिनाअखेरीला रेकॉर्डिंग पाठवायच्या आतच, एका दुपारी वीज गेली. जनरेटर लागायच्या आत मशीन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. डबे नव्यानं मांडले गेले. बुवा आल्यापासूनचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. त्याआधीची सगळी जागच्या जागी, त्यानंतरचं काही नाही. बॅकअप बघितला. तो बिचारा रोज इमानेइतबारे जुन्या डिस्कची प्रत काढत होता, जिच्यावर आता आवाज कुणी लिहीतच नव्हतं.

साहेबांनी पुन्हा बुवांनाच बोलावलं.

"डेटा कधी मरत नाही," बुवा म्हणाले. "तो खोल जातो. हाक मारावी लागते." मशीनच्या खोलीच्या काचांना आतून कागद लावून ते बसू लागले. बाहेरच्या बाकावर त्या आठवड्यांमध्ये गेलेल्या माणसांचे नातेवाईक जमू लागले. बुवा अधूनमधून बाहेर येऊन सांगायचे, आज एक लहर दिसली, आज एक आवाज अस्पष्ट लागला. कुणाचा ते सांगत नसत, त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्याच माणसाचा वाटायचा.

शिंपीकाका दुकान बंद करून रोज यायचे. लेक बाळंत झाली होती. तिचा फोन आला की बाकावरूनच म्हणायचे, "शोधतायत. मोठा माणूस बसलाय कामाला." साहेब त्यांना बघून मागच्या दारानं जायला लागले. डॉक्टर म्हणायचे, "प्रयत्न चालू आहेत." सिस्टर त्यांना पाणी आणून द्यायची.

मी साहेबांना म्हटलं, "माझी परवानगी परत द्या. नुसतं वाचीन, हात लावणार नाही." त्यांनी दिली. त्यांनाही आता भीती वाटायला लागली असावी. वाचायला वेळ लागला नाही. आवाज ठेवण्याची जागा म्हणून बुवांनी जे लिहिलं होतं, ती डिस्क नव्हतीच.

नुसतं सांगून कुणी ऐकलं नसतं. मी एक पडीक मशीन घेतलं, त्याला बाहेरून जुनी डिस्क जोडली, लिहिताना जिचा दिवा लुकलुकतो अशी, आणि सगळं बाकासमोर टेबलावर मांडलं. बुवांनाही बोलावलं.

"आधी संशयी पद्धत," मी म्हटलं. सिस्टर यंत्रात बोलली, "माझे पाय दुखतायत." चक्र फिरत राहिलं, डिस्कचा दिवा लुकलुकला, मग खूण आली. मी प्लग ओढला. परत सुरू केलं. "माझे पाय दुखतायत," मशीन म्हणालं, आणि बाकावर थोडं हसू पसरलं.

"आता बुवांची." मी त्यांच्याच ओळी जशाच्या तशा घातल्या. "तुम्हीच बोला महाराज."

"मी एकाग्र झाल्याशिवाय—" ते म्हणाले, तेवढ्यात खूण आलीसुद्धा. दिवा लागलाच नाही. मी प्लग ओढला. परत सुरू केलं. शांतता. तेवढा आवाज गेल्याचं दुःख कुणाला झालं नाही.

"आपण एखाद्याला काम सांगतो," मी म्हटलं. "एक माणूस काम करून येतो आणि म्हणतो, झालं. दुसरा जागचा न हलता म्हणतो, झालंच समजा. हा दुसरा फार झटपट वाटतो. बुवांनी यंत्राला तेवढंच शिकवलं. डिस्कचं नाव काढून टाकलं आणि आवाज मशीनच्या चालू स्मरणात ठेवायला सांगितला, जे वीज असेपर्यंतच असतं. ते हरवलं नाही, खोल गेलं नाही. ते लिहिलंच गेलं नव्हतं. ज्या कागदावर लिहिलंच नाही, त्याला हाक मारून काय होणार?"

बुवा म्हणाले की तांत्रिकदृष्ट्या ते इतकं सरळ नसतं. मग फोन कानाला लावून बाहेर गेले. ते परत आले नाहीत. त्यांच्यामागे कुणी धावलंही नाही, आणि यात मला आनंद झाला असता, पण समोर बाक होता.

बाकावरची एक बाई उठली. तिचा तरुण भाऊ आमच्याकडेच वारला होता. "काय मिळालं तुम्हाला हे करून?" ती मला म्हणाली. "रोज येत होतो. वाटत होतं, आज येईल. तेवढं तरी होतं ना."

तेव्हा मी प्लगची वायर गुंडाळत राहिले. आज विचारलं तर सांगीन. त्या बाकावर तुम्हाला जे मिळत होतं, त्याच्या बदल्यात तुमच्याकडून रडायचे दिवस काढून घेतले जात होते. आणि वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, कुणी क्षणात काम करून दाखवलं तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, वीज गेल्यावर काय उरतं? हे विचारायला पदवी लागत नाही. विचारू न देणारा दिसला की तिथंच ओळखा. आम्ही पहिल्याच दिवशी तो प्लग ओढला असता, तर दोन मिनिटं गेली असती आणि एका हुशार माणसाची लाज. बस.

शिंपीकाका टेबलाजवळ आले होते. डिस्कच्या विझलेल्या दिव्यावर त्यांनी बोट ठेवलं, शिवण तपासावी तसं.

"म्हणजे ताई," ते म्हणाले, "ती बोलत होती तेव्हा असा दिवा लागलाच नव्हता?"

साहेब म्हणाले, "काका, आपण अजून एका कंपनीला विचारतोय. नवीन तंत्र—"

काकांचा फोन वाजला. जुना फोन, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आधी बाळाचं कुरकुरणं, मग लेक.

"बाबा, लागलं का काही आज?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या हातांकडे बघत होतो.

"बाबा? काय बोलली होती ती, तेवढं तरी सांगा."

"मला माहीत नाही गं. तिनं मला बाहेर बसवलं होतं."

"असू दे. सापडलं की ऐकूच. शोधतायत ना?"

"नाही, पोरी," काका म्हणाले. "शोधायला काही नाहीच. आईचा आवाज गेला."