मागचे दिसतायत का?

"हा पण नाही चालणार," हवालदारांनी मोबाइल विनीतच्या हातात परत दिला. "ह्यात अर्धंच तोंड दिसतंय, बाकी सगळा अंधार. समोरून, सरळ, चेहरा दिसेल असा एकही नाही का?"

विनीत मोबाइलमधले फोटो खाली-वर सरकवत राहिला.

"आणि तुम्ही बोललात ना, फोटोग्राफर आहात म्हणून?"

हवालदारांनी हे टोचून विचारलं नव्हतं. माणूस सज्जन होता. आल्या आल्या त्याने पाणी दिलं होतं, विनीतच्या बायकोला, समीक्षाला, स्वतःची खुर्ची पुढे केली होती. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. पण विनीतला ते लागायचं तिथे लागलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लग्न ठरलं की लोक विनीत शेलारला फोन करत. नवरीच्या पापणीवर अडकलेला अक्षतेचा दाणा त्याच्या फोटोत लखलखीत दिसे. आणि त्याचे वडील सकाळी 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून बाहेर पडले होते, दुपार कलली तरी परतले नव्हते, आणि त्यांचा धड एक फोटो त्याच्यापाशी नव्हता.

हवालदारांनी नाकारलेला फोटो साधासुधा नव्हता. खिडकीतून येणारं ऊन, त्यात अण्णांचा सुरकुतलेला हात, गालाची एक कडा आणि बाकी काळोख. ठाण्याच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. घरात हॉलमध्ये तो भिंतभर लावलेला होता आणि येणारा-जाणारा त्याच्यापुढे उभा राहून 'वा' म्हणत असे. पोलीस चौकीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"आधार कार्डवरचा घ्या ना," समीक्षा म्हणाली.

हवालदारांनी तो आधीच पाहिला होता. त्यावर भरल्या गालांचा, जाड मिशीचा एक गृहस्थ होता. मधल्या काळात अण्णांचे दात गेले, गाल बसले आणि मिशीही त्यांनी एक दिवस स्वतःच काढून टाकली. "हा लावतो मी, पण ह्यावरून कोण ओळखणार हो?" हवालदार म्हणाले. "घरी जाऊन नीट शोधा. मिळाला की लगेच पाठवा."

विसरायला लागल्याला वर्ष होत आलं होतं. अण्णा चहा पिऊन पुन्हा चहा मागायचे, भाचीला बहिणीच्या नावाने हाक मारायचे. पण पायांना घर ठाऊक होतं. रोज चक्कर मारून ते बरोबर परत यायचे, म्हणून दाराला कुलूप घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मोबाइल ते टीव्हीवर ठेवून गेले होते.

तुम्ही म्हणाल, आजकाल प्रत्येकाच्या फोनमध्ये घरच्यांचे ढिगाने फोटो असतात. असतात. पण फोटोग्राफरच्या घरात 'विनीत काढेल की' म्हणून कुणी काढत नाही, आणि विनीत बाहेर काढून काढून दमलेला असतो. त्यात अण्णांची एक जन्माची खोड होती. कुणी कॅमेरा उचलला की ते पटकन उठायचे, समोरच्याच्या शेजारी येऊन उभे राहायचे आणि हात पुढे करायचे, "आण इकडं, मी काढतो. तू जा, तू बस त्यांच्यात." समीक्षाच्या फोनमध्ये अण्णा होते, ते असे उठताना होते. कुठे खांदा, कुठे पाठ, कुठे धोतराचा सोगा.

या खोडीला कारण एक छोटा कॅमेरा होता. अण्णा, म्हणजे धोंडीबा शेलार, साताऱ्याकडून आलेले आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर म्हणून हयात काढलेले. नोकरीला पंचवीस वर्षं झाली की कंपनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायची. अण्णांच्या वर्षी साहेबांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, घड्याळाऐवजी तळहातावर मावेल एवढा चंदेरी डिजिटल कॅमेरा दिला. अण्णांनी तो कंपनीतल्या मशीनसारखा सांभाळला. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि दर रविवारी न चुकता चार्जिंगला लावायचा, वापरला असो वा नसो.

त्यानंतर नात्यातलं एकही बारसं, एकही साखरपुडा सुटला नाही. टेंभी नाक्याच्या देवीला गेले तरी आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचे. मग पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे मागे जायचे आणि ओरडायचे, "मागचे दिसतायत का?" आता आपण दिसतोय की नाही हे मागच्यांना कसं कळणार? पण मागचेही इमानेइतबारे ओरडायचे, "दिसतोय, दिसतोय!" मग फ्लॅश उडायचा, निम्म्यांचे डोळे मिटायचे, कोपऱ्यात बहुतेक वेळा अण्णांचं बोट यायचं. पण चुलत्याच्या टोपीपासून पायातल्या चपलांपर्यंत सगळं फोटोत हजर असायचं.

"अण्णा, हा फोटो आहे का हजेरी?" विनीत चिडवायचा.

"हजेरीच असती रे," अण्णा म्हणायचे.

विनीतने मोठा मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा अण्णांनी तो दोन्ही हातांत धरून तोलून पाहिला. विनीतने ऐट दाखवायला मेथी निवडत बसलेल्या आईचा फोटो काढला. "माणूस हलला तरी हा डोळा सोडत नाही, अण्णा. बघा." अण्णांनीही आपल्या कॅमेऱ्याने तोच फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिले.

"तुझ्यात आई लई सुंदर आलीय. केस न् केस दिसतोय," ते म्हणाले. "पण दारात समीक्षा हुती न्हवं? ती कुठं गेली?"

"ती मागे होती, अण्णा. मागचं उडवायचंच असतं. लोक त्यासाठीच तर हा कॅमेरा मागतात."

"उडवायचं?"

"हो. म्हणजे नजर फक्त एका माणसावर राहते."

अण्णांनी त्या फोटोतल्या दारापाशी असलेल्या रंगीत डागावर बोट ठेवलं. मग आपला कॅमेरा पुढे केला. "माझ्यात बघ, सगळीच आल्यात. जरा धुरकट आल्यात, पण आल्यात."

विनीत तेव्हा खूप हसला होता.

चौकीतून घरी आल्यावर त्याने कपाटातल्या सगळ्या हार्ड डिस्क काढल्या. लोकांच्या मुली, लोकांचे बाप, लोकांच्या आज्या, सगळ्यांचे डोळ्यांत पाणी आलेले, हसलेले, लाजलेले चेहरे. आपल्या बापासाठी तो परक्यांच्या लग्नांतून हिंडत होता. शेवटी मामेबहीण कृतिका हिच्या लग्नात अण्णा सापडले. मंगळाष्टकं चाललेली, कृतिकाने मान किंचित वर केलेली, आणि तिच्या मागे, अगदी समोर तोंड करून, अण्णा उभे. पूर्ण चेहरा, समोरून, सरळ. त्याने फोटो मोठा केला. कृतिकाच्या नथीतले मोती वेगवेगळे दिसत होते. तिच्या मागे पांढऱ्या टोपीखाली एक गव्हाळ डाग होता. डोळ्यांच्या जागी दोन काळसर छाया.

तो मोठा करत गेला तसतसे अण्णा आणखी विरघळत गेले. जे भिंगाने टिपलंच नव्हतं ते आता आणणार कुठून? हा धंदा त्याला आतून-बाहेरून ठाऊक होता, तरी तो माऊस फिरवत राहिला.

"ते ॲप आहे ना, चेहरा साफ करून देतं ते," समीक्षा म्हणाली. "करून तर बघ."

ॲपने क्षणात चेहरा करून दिला. स्वच्छ, ठसठशीत, डोळ्यांत चमकसुद्धा. समीक्षाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला तो घेतलाच होता, तेवढ्यात विनीत म्हणाला, "थांब, आईला दाखव."

रमाबाई सकाळपासून दारासमोरच्या पाटावर बसून होत्या. त्यांनी फोन लांब धरून पाहिलं.

"कोण हा?"

"अण्णा आहेत, आई."

"हे न्हवंत," त्यांनी फोन परत दिला. "दुसऱ्याच कुणाचं तोंड लावलंय ह्यांच्या टोपीखाली. असला फोटो फिरवलास तर लोक ह्याला शोधतील."

तो पुसून टाकला. चौकीत आधार कार्डच गेलं आणि ग्रुपवर तो डागाचा फोटो, खाली वर्णन लिहून.

दुसऱ्या दिवशी विनीत वागळे इस्टेटला गेला. तिथे जायचं त्याला आईनेच सुचवलं. ह्यांना मधूनमधून कंपनीतल्या पाळीची आठवण येते, म्हणाली. अण्णांच्या कंपनीच्या जागी आता काचेची उंच इमारत होती. फाटकावरच्या वॉचमनने हात झटकले, पण समोरच्या टपरीवरच्या मावशी बोलल्या.

"काल एक म्हातारे आलेले. सकाळपाळी सुटली का, विचारत होते. मी बोलले, काका, कसली पाळी, कंपनी कधीच गेली. ते हसले आणि बसले थोडा वेळ."

विनीत टपरीवर पुढे वाकला. "टोपी होती? धोतर?"

"होती टोपी. धोतर नाही बघितलं मी, बाकड्यामागे बसलेले. पण टोपीवाले लय असतात हो इथे, मागे वस्तीत पण आहेत. फोटो दाखवा ना, लगेच सांगते."

त्याने फोटो दाखवला. मावशींनी हात पुसून फोन घेतला, उन्हाला आडोसा केला, मोठा केला, लहान केला. आधार कार्ड पाहिलं. पुन्हा पहिला फोटो पाहिला. त्यांना मनापासून ओळखायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही सांगता येत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "असतील पण, नसतील पण. ते समोर आले तर ओळखीन मी. ह्याच्यात तर काहीच नाही दिसत."

"कुठल्या बाजूला गेले ते?"

"चेकनाक्याकडे गेले. पण दादा, तुमचेच होते का ते देवाला ठाऊक. उगाच तुम्हाला भलतीकडे पाठवायची मी."

विनीत चेकनाक्याच्या बाजूला गेला. मग हॉस्पिटलं, देवळं, स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी माणसं फोन हातात घेत, डोळे बारीक करत आणि त्यालाच उलट विचारत, "दुसरा नाही का?" काही ठिकाणी तर त्याच्या तोंडून फोटोपेक्षा जास्त वर्णनच होऊ लागलं. गाल बसलेत, उजव्या भुवईत खाच आहे, हसताना मान हलवतात. सांगताना त्याला कळत होतं की आपल्याला सगळं पाठ आहे आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नाही. रडू यायचं, पण रस्त्यावर कुठे रडायचं, म्हणून तो पुढच्या माणसाला विचारायचा.

लग्नांचा सीझन सुरू झाला. हवालदार फोन उचलत, "अजून नाही काही," म्हणत आणि 'अजून' हा शब्द जरा लांबवत. घेतलेल्या ऑर्डरी सोडता येत नव्हत्या, म्हणून विनीत लग्नांना जात होता. आता तो भिंतीला पाठ लावून सगळ्यांचा एक फोटो आधी काढायचा. लोकांना तो फोटो आवडत नसे.

एका रविवारी तो उठून बाहेर आला तर रमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, केस नीट बांधून स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर मऊ फडकं आणि त्यावर तो चंदेरी कॅमेरा.

"आई, कुठे निघालीस?"

"कुठं न्हाई. माझा एक फोटो काढून ठेव. समोरून, सगळं तोंड दिसंल असा."

"आई, असं काय बोलतेस—"

"न्हाई, काढून ठेव. पुन्हा पंचाईत नको." आवाज अगदी रोजचा होता. त्याने आतून मोठा कॅमेरा आणायला पाऊल उचललं, तशी त्या म्हणाल्या, "तो नको. ह्याच्यानं काढ. चार्जिंग केलंय मी, दर रविवारी करते. आणि मागचं घालवू नको. मागं ह्यांची खुर्ची हाय, ती आली पायजे."

विनीतने कॅमेरा हातात घेतला. इतका हलका होता की त्याला भीती वाटली. तो मागे मागे गेला, पाठ फ्रिजला टेकली. स्क्रीनवर आई होती, तिच्यामागे खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला अण्णांचा पंचा. आता अण्णांचा तो प्रश्न विचारायला हवा होता, पण तो नुसताच बटणावर बोट ठेवून उभा राहिला. रमाबाईंनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच म्हणाल्या, "दिसतंय, दिसतंय. काढ."

फ्लॅश उडाला. रमाबाईंनी कॅमेरा मागून घेतला आणि लांब धरून पाहिला.

"खुर्ची आली," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोपऱ्यात तुझं बोट आलंय बघ."

"दे इकडे, पुन्हा काढतो."

"नको," त्यांनी कॅमेरा फडक्यात गुंडाळला. "राहू दे ते."