पंचवीसपैकी पंधरा

तेल्हाऱ्याच्या पुढं, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात खुशालराव राहतात. तिथलं पाणी इतकं खारं, की चहात कोणी साखरेऐवजी मीठ टाकलं तर पाहुण्याला आठवडाभरानं कळतं. उन्हाळ्यात विहिरी आटतात, पण खुशालरावांच्या नातीचा, रागिणीचा, उजवा कान बारमाही वाहायचा. आठ वर्षांची पोर, कानात कापसाचा बोळा घालून शाळेत जायची. घरचाच कापूस होता म्हणून निभावलं.

शेवटी अकोल्याला डॉक्टर सबीहाबाईंनी कानात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "काका, पडद्याला भोक आहे. ठिगळ लावावं लागेल."

"ठिगय कायचं?"

"तिच्याच कानाचं. कानाच्या भोकासमोर ही बाहेरची कुरकुरीत चकती असते ना, कूर्चा म्हणतात तिला. तिचा तुकडा काढायचा अन् आत बसवायचा."

कॉलरचं कापड काढून कोपराला लावावं, तसं हे प्रकरण खुशालरावांना एकदम पटलं. पटलं नाही ते रागिणीला. ऑपरेशनच्या दिवशी तिनं पलंगाचा दांडा असा धरला, की नर्सबाई पलंगासकट तिला आत नेते म्हणाल्या. तेव्हा खुशालरावांनी तिच्या चांगल्या कानात सांगितलं, "एकच डाव, बेटा. मंग कोनी तुह्या कानाले हात नाई लावनार."

"शप्पत?"

"मारोतीची."

पोरीनं दांडा सोडला. गोष्ट सगळी त्या शपथेची आहे.

हे ऑपरेशन एका संशोधनातलं होतं. अकोल्याच्या पोरांना कूर्चेचं ठिगळ, अमरावतीच्या पोरांना कानावरच्या स्नायूचा पातळ पापुद्रा, आणि तीन महिन्यांनी कोणाला जास्त ऐकू येतं ते पाहायचं. संशोधनाचे प्रमुख पुण्याचे होते. त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत. माणूस सज्जन, पण रस्त्यानं चालतानाही व्याकरण सांभाळून चालणारा.

तीन महिन्यांनी रागिणीला काचेच्या खोलीत बसवलं. कानाला मोठाले हेडफोन. बाहेर यंत्रावर प्रतीक्षा नावाची मुलगी. ती मूळची तेल्हाऱ्याचीच, पण सहा वर्षं पुण्याला शिकून आलेली, त्यामुळं तिच्या बोलण्याला कडक इस्त्री होती. आधी नुसत्या 'टीं' आवाजाची परीक्षा झाली. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज बारीक होत गेला तरी रागिणी दाबतच राहिली. यंत्र बंद केल्यावरही तिनं दोनदा दाबलं. चौकशी केली तेव्हा निघालं, की तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी मोबाइल उशीखाली थरथरत होता.

मग शब्दांची परीक्षा. पंचवीस शब्द, हेडफोनात सरांच्या आतेबहिणीच्या आवाजात. ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. ही यादी मोठ्या सरांनी स्वतः केलेली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. तीत दहा जोड्या होत्या. गाळ आणि गाय, माळ आणि माय, साळ आणि साय, वळ आणि वय. इतका बारीक फरक ज्याला ऐकू आला, त्याचा कान शंभर नंबरी.

"गाळ," आतेबहीण म्हणाली.

"गाय," रागिणी म्हणाली.

"गाय."

"गाय."

"माळ."

"माय."

प्रतीक्षाची पेन्सिल जरा अडली. पण मोठे सर तिच्या खांद्यामागं उभे होते, आणि कागदावर छापलेलं होतं, 'तोंडातून जे येईल तेच लिहावे.' तिनं लिहिलं. पंचवीसपैकी पंधरा.

"वीसच्या खाली," सर म्हणाले. "म्हणजे ठिगळ बसलेलं नाही. पुन्हा उघडावं लागेल."

खुशालराव खुर्चीतून उठले. "काहून? आयकू तर येते तिले."

"आजोबा, तसं तुम्हाला वाटतं. तिला ळ ऐकू येत नाही."

"य?" खुशालराव म्हणाले. "य तर येते न तिले. सबन यच येते."

सरांनी त्यांच्याकडं करुणेनं पाहिलं आणि वहीत नोंद केली. आजोबांनाही.

सबीहाबाईंनी मध्ये तोंड घातलं. "सर, इकडं सगळे असंच बोलतात."

"बोलतात, कारण तसं ऐकतात. माणूस जे ऐकतो तेच बोलतो, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो."

"मग यादी बदलू."

"यादी समितीनं मंजूर केलेली आहे. तिचा काना हलवायचा तर अठरा महिने लागतात. कान पंधरा दिवसांत हलवता येतो."

नाही म्हणायची मुभा कागदावर होती. पण रागिणीची आई सीमा घाबरली होती. "मामंजी, पुन्याचे डाक्टर उगीच म्हनतीन का? पोट्टीच्या जिंदगीचा सवाल हाये." आणि सही तिची लागणार होती. ठरलं असं, की पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा परीक्षा. वीस मिळाले तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

बसमध्ये रागिणी खिडकीशी बसली होती. अकोट फाटा गेल्यावर म्हणाली, "आबाजी, तुमी शप्पत घेतली होती."

"हाव न बेटा."

"मारोतीची होती."

खुशालरावांना त्या खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण गज होते. म्हणून त्यांनी विचारलं, "थ्या डब्ब्यातली बाई काय काय म्हने तुले?"

रागिणीनं पंचवीसच्या पंचवीस शब्द क्रमानं म्हणून दाखवले. खुशालरावांनी तिकिटाच्या आणि कापसाच्या बियाण्याच्या पावतीच्या मागं लिहून घेतले. गाय, गाय, माय, माय, साय, साय, दार, वय, वय, मीठ. वाचून त्यांना वाटलं, पुण्याची बाई तोतरी असावी.

तो कागद त्यांनी उत्तमराव मास्तरांना दाखवला. उत्तमराव म्हणजे छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. पंचक्रोशीत ळ म्हणता येणारा हा एकटाच. तो ळ असा काही म्हणायचा, की समोरच्याच्या चष्म्यावर दव पडावं. मास्तरांना एकच उणं होतं. दहा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान ठार गेले होते, आणि ही गोष्ट मास्तर सोडून साऱ्या गावाला माहीत होती. कोणी काही बोललं की ते ओठांकडं पाहत आणि मान हलवून म्हणत, "बरोबर." त्यामुळं गावात त्यांच्यासारखा समजूतदार माणूस नव्हता.

मास्तरांनी कागद वाचला. "एकच शब्द दोनदा कोण विचारेल? यातल्या एकात ळ असला पाहिजे. पण पहिल्यात की दुसऱ्यात?"

खुशालरावांनी रागिणीला पुढं केलं. ती म्हणाली, "पयली गाय नदीतली, पाय फसते थे. दुसरी गाय दूध देते. पयली माय गयात घालाची. दुसरी माय घरी हाये, सयपाक करून राहिली."

खुशालरावांच्या आता ध्यानात आलं. पोरीला सगळं ऐकू आलं होतं. फक्त ते तोंडाच्या दारातून बाहेर येताना दोन्ही सारखेच कपडे घालून येत होते.

"फयाच मांडा, गुर्जी," त्यांनी खुणेनं सांगितलं.

मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर मास्तरांनी मोत्यासारख्या अक्षरात पंचवीस शब्द लिहिले आणि शिकवणी सुरू झाली. जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची, आणि सोडायची. रागिणी जीभ वळवी, काहीतरी म्हणे, आणि मास्तर ओठांकडं पाहून म्हणत, "बरोबर." गाळ म्हणाली तरी बरोबर, गाय म्हणाली तरी बरोबर. आठ दिवसांत मास्तरांना यादी पाठ झाली. दहा दिवसांत रागिणीला ळ आला. बाराव्या दिवशी तो एवढा आला की आवरेना.

"माळ, मले चाळ दे," तिनं सकाळी आईला म्हटलं.

"काय देऊ?" सीमा म्हणाली.

"चाळ. साळ घालून."

आनंदाच्या भरात खुशालरावांना त्यातलं काही खटकलं नाही. दोघं अकोल्याला गेली. आतेबहीण म्हणाली गाळ, रागिणी म्हणाली गाळ. सबीहाबाई हसल्या. आतेबहीण म्हणाली गाय, रागिणी म्हणाली गाळ. माळ, माळ. साळ, साळ. वळ, वळ. मिठाला मात्र तिनं हात लावला नाही.

पंचवीसपैकी पंधरा.

मोठे सर खुर्चीत बसले. "आजार सरकतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी ळ गेला होता, आता य गेला."

त्यांनी अमरावतीला फोन लावला. तिकडं पापुद्र्याचं ठिगळ लावलेली अठरा पोरं होती. अठराच्या अठरा जणांना पंधरा. म्हणजे दोष ठिगळाचा नव्हता. सर उठले, नकाशापुढं उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "इथलं पाणी कसं आहे?"

"खारं," खुशालराव म्हणाले.

"ळ खाऱ्या पाण्यात विरघळत असावा," सर म्हणाले, आणि उद्याचं ऑपरेशन त्यांनी तीन दिवस पुढं ढकललं. आधी ज्यांच्या कानाला कधी हात लागला नाही, अशी माणसं तपासायला हवी होती.

दोन दिवसांनी यंत्र गावात आलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत काचेचा डबा उभा राहिला. सरपंच बसले, पंधरा. खुशालराव बसले, पंधरा. मनकर्णाबाई बसल्या, त्यांनी आतेबहिणीलाच उलट विचारलं, "कोनाची वो तू?" आणि तरी पंधरा. संध्याकाळपर्यंत एकशे बारा माणसं झाली आणि कोणी चौदाही पाडून घेतले नाहीत की सोळाही मिळवले नाहीत. एवढी एकी गावानं निवडणुकीतही दाखवली नव्हती. सरांनी आजाराला नावही देऊन टाकलं, वऱ्हाडी ळ-बधिरता, आणि तालुक्यात एकूण कान किती याचा हिशेब ते मनात करू लागले.

तेवढ्यात उत्तमराव मास्तर काठी टेकत आले आणि डब्यात जाऊन बसले. त्यांना वाटलं, मतदान आहे. हेडफोन चढवल्यावर समोर यंत्रावरचा, दर शब्दाला लागणारा हिरवा दिवा लागला. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर शब्दपरीक्षेची पाटी होती. त्यांच्या लक्षात आलं.

दिवा लागला. "गाळ," मास्तर म्हणाले.

दिवा लागला. "गाय."

माळ, माय, साळ, साय, दार. एकेक शब्द टाकसाळीतून काढल्यासारखा. पंचविसावा म्हणून झाला तेव्हा मोठ्या सरांचे डोळे भरून आले होते. पंचवीसपैकी पंचवीस. साऱ्या गावात शाबूत कानाचा एकच माणूस सापडला होता.

"पन सर, मास्तरले तर..." सरपंचांनी तोंड उघडलं.

सबीहाबाईंनी चहाचा कप त्यांच्या तोंडाला लावला. "चाय घ्या, भाऊ. गार होते."

मग मोठ्या सरांच्या मनात जी शंका आली, ती फक्त खऱ्या शास्त्रज्ञालाच येते. "प्रतीक्षा, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तेल्हारा, सर."

"तेच पाणी. तर मग तुम्ही गुण दिलेत ते शब्द तुम्हाला नीट ऐकू आले कशावरून? बसा आत."

प्रतीक्षा आत बसली. खुशालरावांनी मारुतीचं नाव घेतलं. पुण्यात सहा वर्षं राहिलेली मुलगी. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात तिच्या 'डोया'वर खोलीभर हसू झालं होतं, तेव्हा आरशासमोर उभी राहून तिनं तो ळ घोटून घोटून कमावला होता. ती पंचवीस घेणार, तिची पेन्सिल खरी ठरणार, आणि परवा रागिणीचा कान उघडणार. रागिणी आजोबांचा अंगठा धरून काचेशी उभी होती. कान तिनं दुसऱ्या हातानं झाकला होता.

हिरवा दिवा लागला. प्रतीक्षानं काचेतून त्या झाकलेल्या कानाकडं पाहिलं.

"गाय," ती म्हणाली.

दिवा.

"गाय."

दिवा.

"माय," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा चेहरा असा सैल पडला, जसं कडक इस्त्रीची साडी सोडून घरचं लुगडं नेसावं. "माय. साय. साय."

पंचवीसपैकी पंधरा.

सरांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. नियम त्यांचाच होता. गुण देणाऱ्याचा कान प्रमाणित हवा. प्रतीक्षाचा कान नापास, म्हणून तिनं दिलेले गुण रद्द. अकोल्याचे रद्द, अमरावतीला पाठवलेल्या तिच्या मैत्रिणीचे रद्द, कारण मैत्रीण दर्यापूरची, म्हणजे त्याच खाऱ्या पाण्याची होती. रागिणीची परीक्षा नव्यानं घ्यायची, आणि गुण द्यायला प्रमाणित कानाचा माणूस या भागात एकच.

"गुरुजी, आपण आमचं काम कराल का?" सरांनी हात जोडून विचारलं.

उत्तमरावांनी ओठांकडं पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याला रागिणी काचेच्या खोलीत बसली, बाहेर मास्तर पेन्सिल घेऊन. सीमाही आली होती, पदराचं टोक चावत.

"गाळ," आतेबहीण म्हणाली.

रागिणीनं आजोबांकडं पाहिलं. ते जीभ टाळूला लावून दाखवत होते. तिला त्या जिभेचा कंटाळा आला होता. "गाय," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्या ओठांकडं पाहिलं, मान हलवली, खूण केली. तिनं गाय म्हटलं, माय म्हटलं, मध्ये एकदा शिंकली, त्यालाही खूण झाली. पंचवीसपैकी पंचवीस. सरांनी स्वतःच्या हातानं ऑपरेशनचा कागद फाडला. सीमानं पदर सोडला. सबीहाबाई घसा साफ करायला बाहेर गेल्या त्या बऱ्याच वेळानं आल्या.

पुढच्या महिन्यात मास्तरांनी अकोल्याची अन् अमरावतीची सगळी पोरं पास केली. कूर्चाही शंभर टक्के, पापुद्राही शंभर टक्के. मोठ्या सरांनी लिहिलं, की वऱ्हाडी ळ-बधिरता आपोआप बरी होते, मात्र तपासणारा अनुभवी हवा.

रागिणीच्या परीक्षेच्या दिवशी परतताना चौघं बसस्टँडवर उभी होती. मास्तरांच्या हातात नवं प्रमाणपत्र होतं, श्रवणशक्ती उत्कृष्ट. ते पुन्हा पुन्हा वाचत रस्त्याच्या मधोमध गेले. मागून तेल्हारा बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, मग मास्तरांच्या आईची चौकशी केली. रागिणी धावली आणि तिनं मास्तरांना सदऱ्याला धरून बाजूला ओढलं.

मास्तर दचकले. "काय झालं गं?"

"काई नाई, गुर्जी. गाय आली होती."

मास्तरांनी तिच्या ओठांकडं पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि बसमध्ये चढले.