भोंग्याचा पाठ

आमच्या विद्यापीठानं पुण्याच्या एका कंपनीबरोबर कामगारांसाठी ऑनलाइन शिक्षणाचा प्लॅटफॉर्म उभारायला घेतला, तेव्हा आमच्या विभागातल्या नीरजा मॅडमनी हिंदी पाठांच्या आवाजासाठी माझं नाव सुचवलं. मजकूर विद्यापीठाचा, तपासणी कंपनीची आणि वाचन माझं, इथं उत्तरेत, दतिया गेटजवळच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत. माझी लेक शर्वरी नुकती वर्षाची झाली होती. तिला सोडून कुठं जाणार होते मी?

कंपनीकडून दीप्तीचा फोन यायचा. माझ्या हिंदी मिसळलेल्या मराठीला ती हसायची. एकदा म्हणाली, "बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पोरांचा नुसता गोंधळ. तुमच्याकडे एकदम शांत. लेकीला अफूबिफू चाटवता की काय?"

"ती आहेच शहाणी," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि शर्वरीकडे बघत बसले. ती माझ्या पायाशीच खेळायची. माझं वाचन सुरू झालं काय, थांबलं काय, तिला सारखंच.

पुढचा पाठ धोक्याच्या भोंग्याचा होता. तो वाजला की मशीन बंद करून बाहेर पडायचं, हे कामगारांना शिकवायचं. कंपनीनं भोंग्याचा आवाज पाठवला होता. हेडफोन न लावताच मी तो चालू केला. सासूबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"अगं, काय झालं? सिलिंडर फुटला की काय?"

शर्वरी आमच्याकडे पाठ करून वाटीत वाटी घालत होती.

मी पुन्हा वाजवला. सासूबाईंनी कानांवर मनगटं दाबली. शर्वरीनं वाटी काढली, परत घातली.

"नादात आहे गं ती," सासूबाई म्हणाल्या. "माझा मंदारसुद्धा उशिराच बोलला होता."

"बोलण्याचं नाही म्हणत मी, आई."

त्यांनी हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाल्या, "परवा माझ्या हातून परात पडली, तेव्हाही..."

शर्वरीच्या कानांची तपासणी झाली. मंदार पुन्हा पुन्हा विचारत होता, "एका कानानं तरी? एक कान से तो, डॉक्टर साहब?"

"दोनों से नहीं सुनती," डॉक्टर म्हणाले. "कान में मशीन लगाकर देखेंगे. नहीं तो ऑपरेशन."

घरी परतताना सीपरी बाजारात रिक्षा अडकली. हॉर्नच्या त्या गर्दीत शर्वरी आमच्या दोघांच्या मध्ये गाढ झोपली होती.

सोमवारी भोंग्याच्याच पाठाची ऑनलाइन मीटिंग होती. मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"ज्याला ऐकू येत नाही, त्यानं काय करायचं?" मी विचारलं. "पाठात तसं काहीच नाही. दिवा वगैरे..."

"तसे लोक आम्ही मशीनवर घेतच नाही," दीप्ती सहज म्हणाली.

"बात ठीक है," नीरजा मॅडम म्हणाल्या, "पर आज यह पाठ जाने दो. अगली बार देखेंगे."

"मग कुठं घेता?" मी विचारलं.

"कुणाला?"

"तशा लोकांना."

"खरंच माहीत नाही हो, एचआरला विचारावं लागेल. तुम्ही शेवटची ओळ तेवढी परत वाचा ना, पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज जरा कापतोय."

मी पाणी प्याले आणि वाचली, "सायरन सुनते ही मशीन बंद कीजिए और बाहर निकलिए." त्यांना ती पसंत पडली.