लोहाच्या गोळ्यांच्या आधी

दादाचा खांदा पहिल्यांदा धरला तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीनेच त्याला गोळ्यांची पट्टी आणून दिली. ती अठरा वर्षं एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. घरात कुणाला शिंक आली तरी आधी तिला फोन जायचा. दादा तिला ‘आमची डॉक्टरीण’ म्हणायचा. ती वरवर वैतागायची, पण मनातून सुखावायची.

दादा सुतार. दिवसभर रंधा मारून उजवा खांदा भरून यायचा. गोळी होती आयबुप्रोफेनची, दुकानात सगळ्यांत जास्त खपणारी. “जेवणानंतर घे,” एवढंच तिने पहिल्या वेळी सांगितलं. पुढे पट्टी संपली की दादा निरोप धाडायचा आणि घरी जाता जाता ती नवी पट्टी त्याच्या कामाच्या जागी टाकून जायची. दादा सकाळची गोळी उपाशीपोटी, कडक चहाबरोबर घेतो हे तिला ठाऊक होतं. हृदयासाठी तो रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतो, हेही. दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे ती परक्या गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा बजावायची. दादाला सांगायचं राहून गेलं. दादा काय गिऱ्हाईक होता?

वर्ष उलटल्यावर दादाला जिना चढताना धाप लागू लागली. चेहरा पांढराफटक. तिने त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी झालंय म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त कमी का झालं, हे तिने विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी वहिनीने तिला ओट्यापाशी गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “यांना शौचाला काळं होतंय गं. अगदी डांबरासारखं.”

“लोहाने होतं तसं. घाबरू नकोस.”

“पण मला वाटतं, त्या गोळ्यांच्या आधीपासूनच…”

“वहिनी, तुला आठवत नसेल नीट. माझं रोजचंच काम आहे हे.” ती हसतच म्हणाली. वहिनी हातातली भाजी निवडत राहिली.

त्यानंतर आठच दिवसांनी दादा फळी उचलता उचलता भुशात कोसळला.

दवाखान्यात रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर जठरात मोठा व्रण, त्यातून कधीचं रक्त झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई वही घेऊन खाटेशी उभ्या राहिल्या. “दुखण्यावर काही घेत होता का?”

“घ्यायचो अधूनमधून,” दादा म्हणाला. “इकडून तिकडून, मिळेल तिथून.”

“ॲस्पिरिन चालू असताना? कुठल्याच औषधवाल्याने विचारलं नाही?”

“त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?”

धाकटी उशाशीच उभी होती. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र होतं, ते तिने हळूच उलटं केलं. पायथ्याशी उभ्या असलेल्या वहिनीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. दादाने डोळे मिटून घेतले, जणू बहिणीला वाचवून त्याचं एक काम उरकलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरबाई बाहेर पडताच तिने त्यांना गाठलं. “गोळ्या मी देत होते. मी फार्मासिस्ट आहे.”

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. “रोज किती?”

“तीन. चौदा महिने.”

“शौचाला काळं?”

“लोह सुरू करायच्या आधीपासून. वहिनीने सांगितलं होतं. मीच उडवून लावलं.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “तेव्हाच आणलं असतं तर रक्त द्यायची वेळ आली नसती.” त्यांनी चार माणसांत खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

वहिनी जिन्याखालच्या बाकावर बसली होती. धाकटी शेजारी बसली. “वहिनी, माझं चुकलं.”

वहिनी रुमालाची घडी घालत म्हणाली, “तू म्हणालीस, आठवत नसेल. मला वाटलं, तू एवढी शिकलेली, माझाच घोळ होत असणार. त्या दिवशी यांना दुखण्यावरची आणि लोहाची, दोन्ही गोळ्या नको वाटत होत्या. मीच म्हटलं, घ्या, ती सांगतेय ना.”



महिन्याभरात दादा हिंडू-फिरू लागला. दुखण्यावरच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, खांद्यासाठी शेक आणि व्यायाम सुरू झाला. एका रविवारी ती भेटायला गेली. दादाने नेहमीसारखी थट्टा करत तिला आत बोलावलं, पण डॉक्टरीण म्हणाला नाही. टेबलावर औषधांची कागदी पिशवी होती. तिच्यावर दुसऱ्याच दुकानाचा शिक्का होता, दोन चौक पलीकडच्या.

तिने न राहवून पिशवीत डोकावून पाहिलं. लोहाच्याच गोळ्या होत्या.

“चहाबरोबर नको हं देऊस,” ती वहिनीला म्हणाली. “चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर…”

“सांगितलंय त्यांनी,” वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने पिशवी उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं.

धाकटी मान खाली घालून खुर्चीत बसली.